थ्रीडी स्लायसर, आठ महिन्यांनंतर: त्या ०.७ मिमीवर किती भरवसा ठेवायचा?

मी रेडिओथेरपीत फिजिसिस्ट आहे. प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरने केलेलं सीटी-एमआरआय फ्यूजन (दोन्ही स्कॅन एकमेकांवर जुळवणं) दुसऱ्या वाटेने पडताळायचं होतं, म्हणून थ्रीडी स्लायसर हे स्कॅन पाहण्या-जुळवण्याचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं स्लायसर-आयजीटी हे एक्स्टेंशन घेतलं. फुकट आहे, सोर्स कोडही खुला. क्लिनिकल वापराची मान्यता नाही, म्हणून फक्त पडताळणीपुरतंच.

'फिड्युशियल रजिस्ट्रेशन विझार्ड'मध्ये दोन्ही स्कॅनवर एकाच जागेचे पॉइंट द्यायचे. जुळणी झाली की आरएमएस एरर दिसतो, म्हणजे पॉइंटांच्या जोड्यांमध्ये उरलेल्या अंतरांची एक प्रकारची सरासरी. हात लगेच बसतो, आणि तिथेच मी फसले. लहान मेंदूतल्या गाठीची केस. घाईत चार पॉइंट दिले, चारही चेहऱ्याकडचे. आकडा ०.७ मिमी. मी खूश! मग सहज मागे जाऊन कानाच्या आतली नळी पाहिली (सीटीत हाडातली फट, टी२ एमआरआयमध्ये पांढऱ्या पाण्यातून गेलेली काळी नस), तर तिथे जवळजवळ ३ मिमीचा फरक.

आकडा फक्त दिलेल्या पॉइंटांपुरतंच बोलतो. जुळणी जराशी तिरकी बसली तर बिजागरीशी केसभर, दाराच्या कडेला बोटभर, असं होतं. फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर यांनी १९९८ साली याचं सूत्रच दिलंय. त्यातली गंमत अशी: पॉइंट ठेवताना १ मिमीची चूक होते असं धरलं, तर चार पॉइंटांना एरर ०.७ च्या आसपास येतो, आठांना ०.८७. जुळणी सुधारली तरी आकडा वाढतो! आणि आपण 'वाईट' पॉइंट उडवून आकडा गोंडस करत बसतो.

आता आठ पॉइंट डोक्याभर पसरून देते आणि दोन गाठीजवळचे बाजूला राखते. जुळणीत ते घ्यायचे नाहीत, तिथलं अंतर फक्त मोजायचं. अमेरिकन फिजिसिस्टांच्या संघटनेच्या टीजी-१३२ अहवालात (२०१७) साधारण २-३ मिमीची मर्यादा आहे. ती लावायची या राखीव पॉइंटांवर. डोळ्याचं भिंग घेत नाही. सीटीत माणूस इकडे बघतो, एमआरआयमध्ये तिकडे. 'वार्पिंग'च्या (स्कॅन ताणून-वाकवून जुळवण्याच्या) वाटेलाही जात नाही. त्यात पॉइंट बरोब्बर बसतात, मधल्या जागेचं काय झालं ते देव जाणे.

परवा राखीव पॉइंटांपैकी एकावर ४ मिमी आलं. एमआरआयच्या स्लाइस ५ मिमीच्या होत्या, इतक्या जाड स्लाइसमध्ये पॉइंटची नेमकी जागा कळत नाही. पातळ स्लाइसचा स्कॅन परत करायला सांगितला.