सिगार ठेवायचा लाकडी डबा की प्लास्टिकचा? सांगलीत ११ महिने वापरून

आधीच सांगतो, मी रोज ओढणारा नाही. महिन्यातनं एखादी, तीपण गच्चीवर, आणि तंबाखू वाईटच हे मला माहितीये, त्यावर प्रवचन नको. पण आमचे दाजी दुबईला असतात, येताना दरवेळी १०-१२ सिगार आणतात आणि माझ्या स्पीडने त्या वर्षभर पडून राहतात. म्हणजे माझा प्रश्न ओढायचा नाहीच, ठेवायचा आहे. गेल्या ऑक्टोबरपासून हा उद्योग चाललाय, थंडी, उन्हाळा, पावसाळा तिन्ही बघून झाले म्हणून लिहायला बसलो.

सिगारला आर्द्रता लागते ६५ ते ७० टक्के आणि तापमान साधारण १८ ते २१ डिग्री. ओल कमी पडली की वरचं पान तडकतं, जास्त झाली की बुरशी येते आणि ओढताना सारखी विझते. वाचायला सोपं वाटतं, विश्रामबागेत स्लॅबखालच्या खोलीत राहून करून बघा.

पहिल्यांदा घेतला तो लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल टिकवायचा डबा, ऑनलाइन मागवलेला, वर काच, झाकणावर आर्द्रता दाखवणारा काट्याचा गोल मीटर, दिसायला एकदम झकास. आतून स्पॅनिश सीडर. हे नावालाच सीडर बरं का, झाड महोगनीच्या कुळातलं, आपल्याकडच्या तूनचं भावकीतलं. ओल धरून ठेवतं, वासही छान. सुतार म्हणत होता कशाला पैसे घालवताय, सागवानात करून देतो की, पण सागाला स्वतःचा तेलकट वास असतो, तो सिगारला लागला की संपलं.

चूक माझीच झाली, कोरडं लाकूड आधी मुरवावं लागतं हे माहितीच नव्हतं. आल्या आल्या सिगार आत ठेवल्या, ओलीसाठीचा स्पंज बोअरच्या पाण्यात भिजवून लावला आणि खूश. लाकडाने आधी स्पंजचं पाणी प्यायलं, मग सिगारमधली ओल ओढायला लागलं. स्पंजवर महिन्याभरात गिझरच्या कॉइलवर साठतो तसला पांढरा थर. तिथे डिस्टिल्ड वॉटरच लागतं, आणि लाकूड मुरवायला ८४ टक्क्यांची वेगळी पाकिटं मिळतात, ती दोन आठवडे रिकाम्या डब्यात ठेवायची असतात, हे सगळं डिसेंबरात दोन सिगार उभ्या तडकल्यावर कळलं.

मीटर मात्र कायम ७० दाखवत होता! म्हणून मिठाची टेस्ट केली, आणि ही टेस्ट प्रत्येकाने करा, फुकट आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, पाणी वर तरंगायला नको. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून एक दिवस हलवायचं नाही. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मीटरनेही ७५ दाखवलं पाहिजे. माझा काट्याचा मीटर दाखवत होता ८८. म्हणजे मी ज्याला ७० समजत होतो ते खरं ५७ च्या आसपास असणार. मग साधा डिजिटल घेतला, तो ७७ दाखवतो, दोन वजा करायचे हे स्केचपेनने त्याच्या पाठीवर लिहून ठेवलंय.

मीटर बदलूनही आकडा टिकेना तेव्हा रात्री लाईट घालवून मोबाइलचा टॉर्च चालू करून डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मागच्या बिजागरीपाशी अख्खी उजेडाची रेघ! असल्या डब्यात काहीही ठेवा, हवा आपली येतीये जातीये. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणाला लाकूड आहे सर, थोडं चालायचंच.

मग रबरी रिंगचा, चार बाजूंनी क्लिप लागणारा प्लास्टिकचा डबा भांड्यांच्या दुकानातनं घेतला. आठवडाभर उघडा ठेवून प्लास्टिकचा वास घालवला, आत सिगारच्या जुन्या खोक्यातल्या सीडरच्या पट्ट्या आणि बोवेडा कंपनीचं ६९ टक्क्यांचं एक पाकीट. ह्या पाकिटात मिठाचं घट्ट द्रावण असतं, हवा कोरडी झाली की ओल सोडतं आणि जास्त झाली की परत घेतं. बुटाच्या खोक्यातली सिलिका जेल इथं चालत नाही, ती नुसती ओढतच राहते. फरक किती पडला म्हणाल तर पूर्ण जानेवारी आकडा ६८-६९ वरनं हलला नाही. लाकडी डब्याच्या पाव किमतीत! मला वाटलं झालं काम, जिंकलो.

एप्रिलमध्ये कळलं की ओल हा अर्धाच प्रश्न होता. बाहेर चाळीसच्या घरात, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री भट्टीसारखा, आणि डब्यात बघतो तर तापमान ३२. आर्द्रता बरोब्बर ६९. एका सिगारवर टाचणीने टोचल्यासारखी तीन भोकं, खाली तपकिरी पीठ, आणि त्या पिठात तिळापेक्षाही लहान एक भुंगा, डोकं खाली घातलेला, हात लावला की मेल्याचं नाटक करणारा.

आमचे काका मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आयुष्य काढलेले. त्यांना झिपच्या पिशवीत घालून दाखवला. चष्मा वर करून बघितला न बघितला आणि म्हणाले, "आरं ह्यो तर आपला हळदीतला!" मला वाटलं मस्करी करतायत. घरी येऊन शोधलं तर खरंच, लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, इंग्रजीत सिगारेट बीटल म्हणतात, तंबाखू खातो तसाच हळद आणि मिरचीही खातो. अंडी बऱ्याचदा पानातच आलेली असतात, थंड असलं की गप्प पडून राहतात, पंचविशीच्या वर गेलं की फुटायला लागतात. म्हणजे दाजींनी अंडी आणली आणि मी ती स्लॅबखाली उबवली.

काकांनी मग हरिपूरच्या पेवांचं पुराण लावलं. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरून तोंड लिंपून बंद, हवाच खेळत नाही तर किडा जगणार कसा, वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली ते सांगताना त्यांचा आवाज अजून उतरतो. मला त्यातनं एवढंच उचलता आलं की डबा जमिनीजवळ न्यावा.

राहिलेल्या सिगार दुहेरी झिपच्या पिशवीत घालून फ्रीजरला, उणे १८ वर तीन दिवस. मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. घाई करून एकदम उन्हाळ्यात काढली तर पान फाटतं, मी एक तशी घालवली. आईने फ्रीजर उघडून विचारलं, "मटाराशेजारी ही काड्यांची मोळी कसली?" खरं सांगितल्यावर दोन दिवस मटार कुणी खाल्ले नाहीत.

आता डबा खालच्या मजल्यावर, मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या तळाला, तोही औषधांच्या थर्माकोलच्या खोक्यात. थर्माकोलने गार होत नाही, पण दिवसरात्रीचे झटके जातात, आणि तापमान खाली-वर झालं की आर्द्रतेचा आकडाही उड्या मारतो. मे महिन्यात २८ च्या वर गेलं नाही. आदर्श नाही, पण किडा परत दिसला नाही. शिवाय ६९ चं पाकीट काढून ६५ चं टाकलंय, उकाड्यात ६९ म्हणजे बुरशीला आवतण.

पावसाळा उलट निवांत गेला. खोलीत ८७ टक्के, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, कपाटातल्या फायलींना कुबट वास, आणि डब्यात ६६. पाकीट एरवी कोरडं पडत कडक होतं, यंदा जुलैत फुगून गुबगुबीत झालं, म्हणजे बाहेरची ओल घेत होतं. तरी डबा रविवारीच उघडतो, तेही मिनिटभर. बंद डब्याला ताजी हवा लागतेच थोडी.

घेणाऱ्याने काय घ्यावं? २०-२५ सिगारपर्यंत लाकडी डब्याच्या नादाला लागू नका, अगदी शोसाठी हवा असेल तर दुकानात टॉर्च लावून बघून घ्या. वाचलेल्या पैशात पाकिटं आणि बरा मीटर येतो.

दाजी दिवाळीला येतायत, म्हणाले यावेळी मोठा ह्युमिडॉरच आणतो. म्हणलं नको, ६५ ची पाकिटं आणा. आईला आत्ताच सांगून ठेवलंय, फ्रीजरचा खालचा कप्पा तीन दिवस माझा. ती म्हणाली करंज्यांचं खोबरं कुठं ठेवू मग, त्यावर अजून बोलणी चालू आहेत.