1939चा रुपया आणि माझे 74,000

चांदीची जुनी नाणी म्हणून एका माणसाने मला खोटा माल विकला. आधी रक्कम सांगते. 74,000 रुपये. पंचम जॉर्जची म्हणून चांदीच्या रुपयाची 50 नाणी, नगाला 1,150 प्रमाणे 57,500, आणि 1939चा 'दुर्मिळ' रुपया 16,500. त्या बदल्यात घरात आहेत जर्मन सिल्व्हरचे 38 तुकडे, निम्म्या चांदीची 12 नाणी आणि आकडा खरवडलेला एक रुपया.

अशी फसवी माणसं जाळं कसं टाकतात ते नव्याने सांगायला नको. प्रदर्शनात ओळख, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, मग "सासऱ्यांचा संग्रह आहे मॅडम, फ्लॅटचे पैसे भरायचेत म्हणून काढतोय." पहिल्यांदा तीन नाणी घेतली, नगाला 1,200 ने. ती आमच्या सराफाकडे नेऊन टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून आणला. अस्सल निघाली. त्यामुळे "न तपासता घेतलंस कसं" असं विचारणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. तपासलं होतं. तपासायला दिलेला माल खरा असतो, यालाच तर धंदा म्हणतात! बिल मागितलं तर म्हणे जुन्या मालाला बिल नसतं. चांदी तेव्हा किलोला लाखाच्या वर गेलेली. 1,150 हा भाव संशय यावा इतका स्वस्तही नव्हता.

मोठा माल घेऊन तो स्वतः आला. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाच्या बशीत नाणी मांडली. 1917ची दोन नाणी मी शेजारी शेजारी धरली, तर दोन्हींवर राजाच्या कानाखाली तिरका ओरखडा. तीच जागा, तीच लांबी, तोच उतार. शंभर वर्षं वेगवेगळ्या हातांतून फिरलेल्या दोन नाण्यांना एकसारखी जखम होते कशी? एका नाण्यावरून साचा काढून ओतली तरच. मी विचारलंसुद्धा. त्यावर हा गडी म्हणतो, "काय नजर आहे मॅडम! एरर कॉइन आहे हा. टांकसाळीतल्या डायचाच, नाणं छापायच्या ठशाचाच दोष. बाहेर दुप्पट मागतात, तुम्हाला त्याच भावात देतो." आणि मी खूश झाले. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात. डायला चीर गेली तर नाण्यावर उठलेली रेघ येते, खोल ओरखडा येत नाही. हे मला नंतर एका जुन्या संग्राहकाने दोन मिनिटांत समजावलं.

पर्समध्ये छोटा काटा होता. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. काट्यावर भरला 10.4. म्हणाला, झिजलाय. झीज काय फक्त वजनालाच झाली? कडेचे दाते तर नव्यासारखे होते! वजन सव्वा ग्रॅमने कमी आणि दाते शाबूत असतील तर चहाचे पैसे ठेवून उठा. त्याने चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. चांदीला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण तांब्या-पितळेलाही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरलाही सहसा नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल, जस्त असतं. चांदी औषधालाही नसते.

बारा नाणी 1944-45ची, म्हणजे पंचम जॉर्जचीसुद्धा नाहीत, सहाव्याची. ती खरी आहेत आणि ढिगाच्या वरच ठेवली होती. पण 1940 पासून रुपयात चांदी 50 टक्क्यांवर आणली गेली. त्याआधी ती 91.7 टक्के असायची. बाराही मिळून शुद्ध चांदी जेमतेम 70 ग्रॅम. साल वाचल्याशिवाय चांदीचा भाव देऊ नका. 1939चा रुपया काट्यावर बरोबर भरला, कारण तो 1938चा अस्सल रुपया आहे. 8 चा 9 केलेला. दहापट भिंगाखाली आकड्याभोवतीचा पृष्ठभाग घासलेला दिसतो. भिंग त्या दिवशी घरी होतं.

मग पोलीस चौकीत गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, "ताई, पैसे तुम्ही दिले, माल तुम्हाला मिळाला. दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, खोटा माल खरा म्हणून विकणं फसवणूक नाही? तर शेजारचा हवालदार पुढे झुकून विचारतो, "नाणी सापडली कुठं? गुप्तधन तर नाही ना?" म्हणजे आता चोर मीच! लेखी अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. पोच घेतल्याशिवाय हलू नका. पुढच्या खेपेला साहेब बंदोबस्तावर, त्याच्या पुढच्या खेपेला अर्ज 'दुसऱ्या टेबलावर'. पैसे ऑनलाइन दिले होते म्हणून बँकेत गेले तर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय. ज्या खात्यात पैसे गेले ते कुण्या बाईच्या नावावर. ते नाव पैसे पाठवताना स्क्रीनवर दिसतं, तिथेच थांबायचं असतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा. मी त्या माणसाचाच फोन लावत बसले. आणि "सरकारमान्य हॉलमार्कची चांदी" असं कुणी म्हणालं तर विचारा, शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्यावर हॉलमार्क मारला कोणी?

परवा चौकीतून फोन आला. मला वाटलं माणूस सापडला. तर म्हणे, सगळी 51 नाणी मुद्देमाल म्हणून आणून जमा करा. पंचनामा होईल ना, नगवार पावती मिळेल ना, विचारलं. "आधी आणा तर, मग बघू." खरी बारा त्यातच आहेत. अजून नेलेली नाहीत.