ठाणे खाडीची बोटफेरी: चार तारे, पाचवा वासापायी गेला

फेब्रुवारीत आईला घेऊन ऐरोलीला गेले. बोट भरती बघून सुटते. आम्ही न विचारता पोचलो, तासभर डास मारत बसलो. चूक आमचीच. पण रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठला आणि आई चक्क गप्प झाली!

नावाडीकाका कोळी. म्हणाले, "ताई, शहराचा मैला येतो, शेवाळ माजतं, पाखरांची चंगळ. आमच्या जाळ्यात मात्र कोलंबीचा पत्ता नाय." तेच शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, मासे गुदमरतात. २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान, मिळालेली ही खाडी! परतताना बोटीच्या पंख्यात दुधाची पिशवी अडकली. काकांनी ती सोडवून खिशात घातली. पुन्हा जाईन, रुमाल घेऊन.