आरशाच्या कव्हरवर कार्बन फायबर: इपॉक्सी रेझिनच्या किटचा माझा अनुभव

माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पहिला हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हा त्यांचा नियम लहानपणापासून माझ्या डोक्यात बसलेला. मे महिन्यात स्विफ्टच्या दोन्ही आरशांची कव्हरं आणि गिअरभोवतीची पट्टी कार्बन फायबरने मढवायला घेतली, तेव्हा तोच नियम मला नडला. इपॉक्सीचा पुढचा हात आधीचा अर्धवट ओला असतानाच द्यायचा असतो.

किट ऑनलाइन मागवला, १,१५० रुपयांना. आत ५०० ग्रॅम रेझिन (म्हणजे इपॉक्सीचा चिकट द्रव), त्यात मिसळून ते कडक करणारा १५० ग्रॅम हार्डनर, काळ्या रंगाची छोटी बाटली आणि दोन ब्रश. कार्बन फायबरचं कापड वेगळं घेतलं, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम), तिरक्या विणीचं. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार रेझिनबद्दल नाही, सोबतच्या पत्रकाबद्दल आहे, आणि तसलंच पत्रक मी दुसऱ्यांच्या किटमध्येही पाहिलंय.

आधी रेझिनबद्दल. पाण्यासारखं नितळ आहे, वास कमी आहे आणि ब्रशमुळे आलेले बुडबुडे बरेचसे आपोआप वर येऊन फुटतात. उरलेले हीट गन वीतभर अंतरावरून झरझर फिरवली की जातात. दोन दिवसांनी नखाने दाबून पाहिलं तर खूणही उमटत नव्हती. या पैशांत यापेक्षा चांगलं मी वापरलेलं नाही.

पत्रकात मात्र 'पुढचा कोट ४ तासांनी' एवढंच छापलंय. किती तापमानाला, ते कुठेच नाही. मी कव्हरं १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पुसून त्यांवर काळा हात दिला. (काळा यासाठी की विणीच्या फटींतून खालचा पांढरा रंग दिसू नये.) गच्चीवरच्या खोलीत तेव्हा ३५ अंश होते. पत्रकावर विश्वास ठेवून चार तास थांबलो आणि कापड ठेवलं, तर ते सरळ घसरून खाली आलं. रेझिन केव्हाच कडक झालं होतं. पुन्हा घासलं, पुन्हा काळा हात दिला आणि या वेळी दर पंधरा मिनिटांनी बघत राहिलो. सव्वादोन तासांत ते हवं तसं झालं.

हवं तसं म्हणजे कसं? हातमोजा घातलेलं बोट टेकवायचं. बोट चिकटायला हवं, पृष्ठभागावर ठसा उमटायला हवा, पण मोज्यावर रेझिन येता कामा नये. या अवस्थेत कापड ठेवलं की ते जागचं हलत नाही, वळणावरसुद्धा नीट बसतं. कापडावर द्यायच्या पारदर्शक हातांनाही हाच नियम. तेवढ्या चिकटपणात नवा थर दिला तर दोन्ही थर रासायनिकरीत्या एकजीव होतात. रात्रभर राहून कडक झालं असेल, तर घासून खरबरीत केल्याशिवाय पुढचा हात देऊ नका, पापुद्रा सुटतो.

मी कापडावर चार हात दिले. पहिला पातळ, आणि ब्रश ओढायचा नाही, टिपटिप करत कापड भिजवायचं, नाहीतर वीण सरकते आणि ती सरकलेली वीण पुढे कायम दिसत राहते. तिन्ही भागांना मिळून दर हाताला ५० ग्रॅमच्या आसपास मिश्रण पुरलं.

मिश्रण वजनानेच करा. आपल्याकडच्या फायबरच्या कामात पॉलिएस्टर रेझिन असतं, त्यात हार्डनर टक्का-दोन टक्के, आणि कारागीर तो अंदाजाने टाकतात. इपॉक्सीत तसं चालत नाही. इथे हार्डनर स्वतःच प्लास्टिकचा भाग बनतो, त्यामुळे कमी पडला की काम चिकट राहतं आणि जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही. या बाटलीवर १०० ला ३० असं वजनाचं प्रमाण आहे. मापाच्या कपाने मोजलं तर हार्डनर हलका असल्यामुळे कमी पडतो. ४० ग्रॅमला १२ ग्रॅम, दशांश दाखवणाऱ्या काट्यावर. एकदा १०० ग्रॅम एकत्र कालवून उभ्या कपात ठेवलं, तर पंधरा मिनिटांत कप इतका तापला की हातात धरवेना. तेव्हापासून थोडंच कालवतो आणि लगेच पसरट ताटलीत ओततो.

भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे, ते आतल्या बाजूच्या खुणेवरून आधी बघा. माझी कव्हरं एबीएसची निघाली, त्यावर इपॉक्सी छान धरतं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) लिहिलेलं असेल, बंपरवर बहुधा तेच असतं, तर नाद सोडा. एबीएस पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, एसीटोन ते विरघळवतो. गिअरच्या पट्टीवर वर्षानुवर्षं डॅशबोर्ड पॉलिश मारलेलं होतं. त्यातल्या सिलिकॉनमुळे पहिला हात ठिकठिकाणी फाकला, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडली. ती पट्टी साबणाने तीनदा धुऊन नव्याने करावी लागली.

डावं कव्हर जुलैत पूर्ण केलं, बाहेर संततधार होती. सकाळी थरावर मेणचट तवंग. दमट हवेत हार्डनरमुळे तो येतो. कोमट पाणी आणि हिरव्या घासणीने तो आधी धुवायचा, मग घासायचं. पत्रकात याबद्दल एक अक्षर नाही, आणि विकतात मात्र आपल्याच पावसाळ्यात. याचा मला खरोखर राग आला.

घासताना वॉटर पेपर ४०० पासून १२०० पर्यंत, मास्क लावून, पाणी लावूनच. निघणारी पेज पांढरी आहे तोवर तुम्ही रेझिनमध्ये आहात. काळी दिसली की थांबा, कापडाला लागलंय. डाव्या कव्हरच्या कडेला माझं तेच झालं.

डब्यावर 'यूव्ही रेझिस्टंट' लिहिलंय, त्यावर बाहेरच्या भागासाठी विसंबू नका. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. मी ओळखीच्या रंगाऱ्याकडून वर टू-के क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचं पारदर्शक लॅकर) मारून घेतलं आणि त्याआधी भाग त्याच्याच बूथमध्ये ५० अंशांवर सहा तास ठेवले. असं तापवून घेतलं नाही तर वैशाखाच्या उन्हात रेझिन मऊ पडतं आणि गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर वीण उठून दिसायला लागते.

दुसरा किट मी मागवलाय, याच कंपनीचा. त्यांच्याकडे संथ हार्डनरही मिळतो. मार्च ते जूनमध्ये काम करणार असाल तर तोच मागवा, वेळ थोडा जास्त मिळतो.