बडोद्याच्या डॉक्टरांची गाडी

छत्रीपासून सुरुवात करतो, कारण मला अक्कल आली ती एका छत्रीमुळे.

2025 चा पाऊस आठवत असेल. मान्सून मुंबईत 26 मेलाच येऊन थडकला, 1950 पासूनच्या नोंदींत सगळ्यांत लवकर. त्याच आठवड्यात आईला पार्ल्याला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. स्कोडा सुपर्बच्या दारात छत्री ठेवायला नळीसारखी जागा असते. गाडी घेतली तेव्हा मीच तिला ती कौतुकाने दाखवली होती. बाहेर धो धो कोसळत होतं. आई म्हणाली, "अरे, ती दारातली छत्री काढ की."

ओढली, तर अर्धी आली आणि अडकली. जोर लावल्यावर खरवडल्यासारखा आवाज झाला आणि छत्रीच्या मागोमाग वाळलेल्या करड्या चिखलाची बोटभर कांडी बाहेर येऊन माझ्या बुटावर फुटली. छत्री उघडली तर घडीघडीत गाळ, टाल्कम पावडरीइतका बारीक. आईने एक बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली, "ही नदीची माती आहे." तिचं माहेर कृष्णाकाठचं. तिला कळणारच.

माणूस बारा गावचं पाणी प्यायलेला असतो. माझी गाडी एकाच गावचं प्यायली होती, पण पोटभर.

आता मुळापासून. माझ्याकडे 2013 ची बीएमडब्ल्यू झेड-4 होती. सेकंडहँड घेतलेली, पण माझी. दोन सीट, सहा सिलिंडर, बटण दाबलं की छप्पर आपोआप मागे जाऊन डिकीत बसायचं. रविवारी पहाटे साडेपाचला छप्पर उघडून मरीन ड्राइव्हवर एक फेरी मारायची आणि सातच्या आत पार्किंगला परत, कारण त्यानंतर मुंबईत तिचा उपयोग शून्य. आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर ती तिरकी चढवावी लागायची, नाहीतर पोट घासायचं. मुलगी झाली तेव्हा बायको म्हणाली, "तिघांत कोण घरी राहायचं ते ठरव." तरी दोन वर्षं ढकलली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मात्र विषय संपला. त्या गाडीत आईला बसवणं म्हणजे विहिरीत उतरवणं, आणि बाहेर काढायला पोहरा लागला असता.

ठरलं. ऐसपैस, मागे पाय पसरता येतील अशी सेडान घ्यायची.

विकायला निघालो तेव्हा कळलं, स्पोर्ट्स कारवर प्रेम करणारे हजार, घेणारा एखादाच. एकाने 19 लाख सांगितले, दुसऱ्याने साडेएकोणीस, तिसऱ्याने 18 सांगून वर "दोन सीटची गाडी कोण घेणार, साहेब?" हेही ऐकवलं. मग जोगेश्वरीच्या बाजूचा एक डीलर भेटला. त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. मराठी माणूस, कपाळाला गंध. त्याने झेड-4 भोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली, इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिला, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखा. "काय ठेवलीय हो गाडी! 24 देतो. एक्सचेंज असेल तर."

मला वाटलं, चला, शेवटी कुणीतरी जाणकार भेटला. जाणकार तो होताच, गिऱ्हाइकांचा.

इथेच मी फसलो होतो, हे आज कळतं. इतर म्हणत होते त्याहून साडेचार लाख जास्त कबूल करणारा माणूस मला प्रामाणिक वाटला. पैसे देणारा कसा फसवेल? पण तो पैसे देतच नव्हता, आकडा देत होता. त्याने समोर ठेवलेली 2018 ची सुपर्ब साडेएकवीसची होती. तसल्याच गाड्या तेव्हा बाहेर 16 च्या आसपास मिळत होत्या, फोनवर दहा मिनिटं घालवली असती तर दिसलं असतं. मी ती घालवली नाहीत. सगळं लक्ष माझ्या गाडीचं किती कौतुक होतंय याकडे. माझ्या गाडीवर साडेचार चढवले, त्याच्या गाडीवर साडेपाच. एक्सचेंज म्हणजे दोन वेगळे व्यवहार असतात, ते एका कागदावर आले की कुणाची किंमत कुठे गेली ते दिसत नाही. मी पेशाने अकाउंट्सचा माणूस आहे, हेही सांगून टाकतो.

वरचे अडीच लाख तो मला देणार होता. 50 हजार लगेच यूपीआयने आले, उरलेले "आरसी ट्रान्सफर झाली की".

सुपर्बचं पासिंग जीजे-06. "बडोद्याचे मराठी डॉक्टर आहेत, एकहाती वापरलीय. तिकडचे रस्ते बघा आणि आपले खड्डे बघा." बडोदा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सयाजीराव आले. विश्वामित्री नदी यायला हवी होती. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस ती शहरात शिरली, अख्ख्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या, बातम्यांत मी स्वतः ते बघितलं होतं. सहाच महिन्यांनी, फेब्रुवारीत, तिथली गाडी मुंबईत विकायला उभी आहे आणि मी विचारतोय काय, तर सीटला मसाज आहे का.

ट्रायल रात्री आठला. एसी फुल, सुगंधी डबी दोन-दोन, गाणी मोठ्याने. आतलं कार्पेट नवंकोरं. सात वर्षांच्या गाडीत नवीन कार्पेट का, असा प्रश्न पडायला हवा होता. मी म्हटलं, डॉक्टर लोक स्वच्छ असतात.

कागदांचं ऐका. त्याने माझ्यापुढे फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि मालकी बदलाच्या अर्जाचा फॉर्म 30 ठेवला, सगळे कोरे. "आमचा एजंट भरतो." फॉर्म 29 म्हणजे गाडी विकल्याची विकणाऱ्याने आरटीओला द्यायची खबर, राज्यातल्या राज्यात असेल तर 14 दिवसांत. मी ती खबर आरटीओला न देता, ज्याच्याविषयी द्यायची त्याच्याच हातात सही करून ठेवली. 1 एप्रिल 2023 पासून नियम बदललेत, हेही मला नंतर समजलं. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरला की त्या दिवसापासून जबाबदार मालक तो. भिंतीवर ते प्रमाणपत्र आहे का, एवढंच बघायचं होतं. भिंतीवर गणपती होता, कॅलेंडर होतं, कुठल्याशा क्रिकेटपटूबरोबर त्याचा फोटो होता.

विम्याचंही तसंच. झेड-4 वर माझा 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जमला होता. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लावता येतो. डीलर म्हणाला, "पॉलिसी गाडीबरोबर जाऊ दे साहेब, घेणाऱ्याला बरं पडतं." गेली.

एकच गोष्ट मी केली, तीही बायकोने टोकलं म्हणून. साध्या कागदावर डिलिव्हरी नोट: तारीख, वेळ, गाडीचा आणि चेसिसचा नंबर, "यापुढील सर्व चलन व अपघातांची जबाबदारी घेणाऱ्याची", खाली त्याची सही आणि शिक्का. पुढे सगळीकडे तोच कागद कामाला आला.

मार्चमध्ये मेसेज आला. अटल सेतूवर माझी झेड-4 ताशी 142 ने गेली होती, तिथली मर्यादा 100. चलन दोन हजारांचं, फोटोसकट, छप्पर उघडं. खरं सांगतो, आधी हेवा वाटला. घाम नंतर फुटला. गाडी अजून माझ्याच नावावर होती. आठवड्याने दुसरं चलन, एप्रिलमध्ये तिसरं. दोन हजारांचं काही नाही, पण ती चालवणाऱ्याने कुणाला उडवलं असतं तर? आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी मधे चार हातांतून फिरली असली तरी भरपाई त्याच्याच गळ्यात, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगून ठेवलंय. डीलरला फोन केला की "एजंट गावी गेलाय", मग "सर्व्हर डाउन आहे", मग "मार्च एंड आहे साहेब". मार्च एंड एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत चालला.

सुपर्बही तोवर रंग दाखवू लागली होती. एअरबॅगचा दिवा लागे, विझे. मागची काच आपोआप खाली यायची. एकदा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. लोक शिव्या घालत होते आणि मी हात जोडत होतो. डीलरचं उत्तर ठरलेलं: "सेन्सर आहे, युरोपियन गाड्यांचं असंच." यात कंपनीचा काही दोष नाही, हे सांगायला हवं. पाण्यात बुडालेलं काहीही असंच वागेल.

छत्रीनंतर मी प्रभादेवीच्या आमच्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. खरेदीआधी जायला हवं होतं. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिला, शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळाभोर. रिळाजवळच्या शेवटच्या वीतभरावर एक आडवी तपकिरी रेघ, चहाचा कप धुवायचा राहिला की पडते तशी. "साफ करणारे एवढा कधी ओढत नाहीत," तो म्हणाला. मग सीटखाली टॉर्च मारला. रुळांचे बोल्ट गंजलेले आणि त्यांवर ताजा काळा रंग. वायरिंगचा जोड सोडवला तर आतल्या पिना हिरव्या, ताक कळकलेल्या पितळी भांड्यासारख्या. स्टेपनीच्या खळग्यातलं अस्तर उचललं तर खाली पुन्हा तीच करडी पावडर.

"चालेल," तो म्हणाला, "पण कधी बंद पडेल ते तीही सांगू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली नाही, पण वाचून दाखवलं. शेवटची नोंद सप्टेंबर 2024, बडोदा. दुरुस्तीचं एस्टिमेट दिलेलं, काम केलेलं नाही. त्यानंतर काही नाही. बस्स, एवढ्या ओळीत सगळी गोष्ट होती. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. तिथून कुणीतरी स्वस्तात उचलतो, धुतो, वाळवतो, कार्पेट टाकतो. आणि डॉक्टर जन्माला घालतो. आरसीवरचा मूळ मालक, मागाहून शोधला, तर कापडाचा व्यापारी निघाला. बिचाऱ्याने काहीच लपवलं नव्हतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पोलीस चौकीत पहिल्या दिवशी "हे सिव्हिल मॅटर आहे" ऐकून परत आलो. दुसऱ्यांदा लेखी अर्ज, डिलिव्हरी नोट, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं "नॉन-फ्लड, नॉन-अ‍ॅक्सिडेंट गॅरंटी" असं लिहिलेलं त्याचं वाक्य, सगळ्याच्या प्रती नेल्या आणि अर्जावर पोचशिक्का घेतला. फसवणुकीचं कलम पूर्वी 420 होतं, आता भारतीय न्याय संहितेत 318. शिक्का मिळेपर्यंत हलू नका. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. अंधेरी आरटीओला त्याच डिलिव्हरी नोटसह पत्र दिलं. वकिलाची नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांत झेड-4 ट्रान्सफर झाली. सर्व्हर अचानक चालू झाला असावा. चलनांचे सहा हजार मीच भरले.

सुपर्बचं भांडण वांद्र्याच्या ग्राहक आयोगात आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. माझ्या आकड्याला फी फक्त हजार रुपये, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, मुदत दोन वर्षं. मी वकील केलाय, पण न करताही जाता येतं. आधी काही अडलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

मागच्या महिन्यात डीलरचाच फोन आला. आवाज तोच, गोड. "साहेब, कशाला कोर्टकचेरी? सुपर्ब आणून द्या. एक कॅमरी आलीय, आईंना एकदम आरामशीर. थोडे वर घाला, एक्सचेंज करून टाकू."

"पासिंग कुठलं?" मी विचारलं.

"तुम्ही या तर, चहा घेऊ," तो म्हणाला.

गाडी खाली उभी असते. आई रिक्षाने जाते, बायको ऑफिसला लोकलने. छत्री मी धुतलेली नाही. ती प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी चिकटवून, वकिलांच्या कपाटात आहे. वांद्र्याच्या पुढच्या तारखेला ती बरोबर न्यायची आहे.