एन्झाइमच्या नव्या कॅप्सूल : आठ महिन्यांनंतर

जेवायला बसताना ताटाशेजारी अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या तीन कॅप्सूल काढून ठेवायच्या. पहिल्या घासाला एक, मध्ये एक, जेवण संपत आलं की तिसरी. स्वादुपिंडाचं दुखणं लागून ते पुरेसे एन्झाइम तयार करेनासं झाल्यापासून सहा वर्षं हेच गणित. एप्रिल २०१० मध्ये फार्मसीत कळलं की माझी स्वस्तातली जेनेरिक बंद. २८ एप्रिलनंतर एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामक खात्याच्या) मंजुरीशिवाय ही औषधं अमेरिकेत विकता येणार नव्हती, आणि मंजुरी मिळालेली तीनच: क्रिऑन, झेनपेप, पॅनक्रिएझ. त्यातली एक मिळाली. कुठली ते लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या कंपनीशी नाही.

जुन्या बाटलीवर दर कॅप्सूलला २०,००० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम), नवीवरही जवळपास तेवढंच. म्हणून मी तीनच घेत राहिले. दुसऱ्याच आठवड्यात पोट गुरगुरायला लागलं, कमोडमध्ये पाण्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला, महिन्यात दोन किलो वजन उतरलं. आकडा तोच आणि गुण नाही, म्हणजे औषधच कमअस्सल, असं मी धरून चालले. घरात बसून सरकारला शिव्याही घातल्या.

ते मत मला बदलावं लागलं. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की एन्झाइम बाटलीत पडून पडून कमजोर होतात, म्हणून जुने उत्पादक लेबलपेक्षा जास्त भरायचे. किती जास्त, ते बाटलीगणिक वेगळं. नवीत मात्र लेबलवर आहे तेवढंच. मला एखादा महिना बद्धकोष्ठ आणि पुढचा महिना जुलाब का व्हायचे, ते तेव्हा कळलं. मी उगाच खाण्याला दोष देत होते. ही औषधं अमेरिकेच्या १९३८ च्या औषध कायद्याच्या आधीपासून बाजारात, म्हणून मंजुरीविनाच विकली जात होती. १९९० च्या दशकात सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसं आणि स्वादुपिंड बिघडवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांना फार मोठे डोस दिले गेले, त्यांतल्या काहींचं मोठं आतडं आक्रसलं, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्यानंतर एका जेवणाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे २,५०० युनिट लायपेजची मर्यादा आली. पण बाटलीवरचा आकडाच खरा नसेल तर ही मर्यादा पाळायची कशी? तेव्हा नियम हवाच होता, हे मला आता मनापासून पटलंय.

डॉक्टरांनी डोस पाचवर नेला. वजन परत आलं. बाटलीतल्या पहिल्या कॅप्सूलचा जो गुण, तोच शेवटच्या कॅप्सूलचा. हे सुख मला पूर्वी कधीच नव्हतं.

राग आहे तो एकाच गोष्टीचा. डोस नव्याने ठरवावा लागेल, हे मला कुणीही सांगितलं नाही. २००४ मध्ये नियम जाहीर झाला, मुदत वाढत वाढत २०१० उजाडलं. एवढ्या वर्षांत बाटलीसोबत एक चिठ्ठी घालता आली नसती? तुमची कॅप्सूल बदलली असेल तर पहिले दोन आठवडे वजन आणि शौच रोज वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. कॅप्सूल मनाने वाढवू नका.

आणि पैसा. जेनेरिक गेली, तिनाच्या पाच झाल्या, माझा को-पे (विम्याखेरीज खिशातून भरायचा वाटा) तिप्पट झाला. डॉक्टरांचं पत्र जोडून विमा कंपनीकडे अपील केलंय. उत्तर येईपर्यंत महिनाअखेरीस तूप-तेल वगळून जेवते आणि चारांत भागवते.