शॅडो टीचरच्या नावाखाली ७९,५०० रुपये गेले

दोन महिने लिहू की नको चाललं होतं, कारण लाज वाटते. मी बँकेत काउंटरला बसते, रोज लोकांना सांगते की अनोळखी माणसाच्या खात्यावर पैसे टाकू नका, आणि मीच टाकले.

लेक सात वर्षांचा, दुसरीत, ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) दोन्ही. शाळेने एका शुक्रवारी बोलावून सांगितलं, सोमवारपर्यंत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाजवळ बसून मदत करणारी बाई, आणा नाहीतर दाखला घेऊन जा. तोंडी. मी लेखी मागितलं नाही. तुम्ही मागा, लेखी म्हटलं की यांचा आवाज लगेच खाली येतो. तर अशा शुक्रवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी 'मॅडम खूप छान आहेत' म्हणून एका सेंटरच्या बाईंचा नंबर टाकला आणि मी रडतच फोन लावला. आता म्हणा मूर्ख.

असेसमेंट १२,५००, रजिस्ट्रेशन ५,०००, शॅडो टीचर महिना १८,००० प्रमाणे तीन महिन्यांचे ५४,००० आगाऊ, आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) 'पंधरा दिवसांत गॅरंटीड' ८,०००. सगळे गूगल पेवर, सेंटरच्या नाही तर बाईंच्या स्वतःच्या खात्यावर. वर ऑटिझमचं एक आणि एडीएचडीचं एक अशी दोन सर्टिफिकेटं मिळणार म्हणे, डबल बेनिफिट. अहो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी वेगळं नाहीच! आणि यूडीआयडीला एक रुपया लागत नाही, अर्ज ऑनलाइन आपणच करायचा, तपासणी सरकारी हॉस्पिटलात. फुकटच्या फॉर्मचे मी ८,००० मोजले.

पण खरी जखम रिपोर्टची आहे. अकरा पानं, स्पायरल बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरात 'आरसीआय अप्रूव्हड' (आरसीआय म्हणजे स्पेशल एज्युकेटर वगैरेंची नोंदणी करणारी सरकारी संस्था). चौथ्या पानावर लिहिलेलं की ती बाहुल्यांना ओळीत झोपवते आणि तिला आजीचा पदर धरायची सवय आहे. ती! माझा मुलगा बाहुलीला हात लावत नाही, तो कुकरच्या शिट्ट्या मोजतो. दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीचा रिपोर्ट होता, नुसतं नाव बदललेलं. मी ते वाचलं, नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला विचार ना, आणि मी म्हणाले टायपिंग मिस्टेक असेल. कारण सोमवार उद्यावर आला होता. बाईंना आरसीआयचा सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, विचारला तर 'ताई, प्रोसेसमध्ये आहे'. प्रोसेसमध्ये वगैरे काही नसतं, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला नंबर असतो किंवा नसतो, आरसीआयच्या साइटवर नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मी काढली नाहीत.

टीचर म्हणून आली ती बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, दोन दिवसांचं ट्रेनिंग झालेली. नऊ दिवस आली. मधल्या सुट्टीची घंटा झाली की हा कानावर हात ठेवून बाकाखाली, आणि ती व्हरांड्यात मोबाइलवर. तिच्यावर राग नाही, तिलाही पगार मिळाला नव्हता. दहाव्या दिवशी सेंटरला कुलूप.

पुढचं तर विचारूच नका. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले तुम्ही स्वतःहून दिलेत, उशीरही झालाय, पोलीस स्टेशनला जा. तिथे 'ही सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा', आणि वर फुकटचा सल्ला, अशा मुलाला स्पेशल शाळेत का नाही घालत? शिक्षण खात्यात तीन खेपा, म्हणजे माझ्या तीन रजा. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा 'हा टेबल आमचा नाही', तिसऱ्यांदा अर्ज घेतला पण इनवर्डचा शिक्का द्यायला तयार नाहीत, मी खुर्चीतून उठलेच नाही तेव्हा कुठे उमटला. शिक्क्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम १६ ची प्रिंट पुढे केली, मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा असं त्यात लिहिलंय, तर तो माणूस म्हणतो, 'मॅडम, कायदा बरोबरच आहे हो, पण शाळेचंही बघावं लागतं.' शाळेचं बघायला सगळे आहेत.

आगाऊ महिन्याच्या वर देऊ नका. रिपोर्टचं प्रत्येक पान वाचा, आणि मूल आपलं वाटलं नाही तर तिथेच थांबा.

लेक सध्या त्याच शाळेत आहे, अर्धा दिवस, मागच्या बाकावर. आणि बाईंचा नंबर चालू आहे. माझा फोन घेत नाहीत, पण बहिणीच्या मोबाइलवर काल स्टेटस दिसला, 'नवीन बॅच, शेवटच्या चार जागा'.